हयातीचा दाखला



नोव्हेंबर महिना आपली ख्रिस्तसभा मृतांसाठी राखून ठेवते. २ तारखेला आपण कबरस्थानात जातो, कबरींवरचे गवत काढतो, मेणबत्त्या लावतो, आपल्या माणसांची नावे मिस्सासाठी लिहून देतो. याच दिवसांत आपल्यातील निवृत्त मंडळींची आणखी एक धावपळ चालू असते. पेन्शन चालू राहावी म्हणून त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी त्यासाठी बँकेत जाऊन साहेबांसमोर उभे राहावे लागे. २०१४ साली 'जीवन प्रमाण' ही संगणकावरची सोय सुरू झाली आणि यंत्रावर अंगठा टेकवून काम होऊ लागले. पण कष्ट केलेल्या हातांच्या रेषा पुसट झालेल्या असतात. यंत्र अंगठा घेत नाही. मग बाबा वैतागून म्हणतात, "अरे, मी समोर बसलोय ना! जिवंत आहे की!" आणि सेवा केंद्रातले सगळे हसतात.

आम्हीही अशा वेळी हसलो आहोत. पण घरी आल्यावर मनात येते, सरकार वर्षातून एकदा का होईना, या माणसाला विचारते की बाबा, तू जिवंत आहेस ना? आपण किती वेळा विचारतो? श्वास चालू आहे एवढ्यानेच माणूस जिवंत असतो का? आज हा प्रश्न आपल्या माजी सैनिक बांधवांच्या संदर्भात विचारायचा आहे. विषय आत्महत्येचा आहे. चर्चच्या पत्रकात तो नको, असे काहींना वाटेल. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली आपल्या देशात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचे जीवन संपवले. त्यांतील २२,७४६ आपल्या महाराष्ट्रातील होती आणि ही संख्या सर्व राज्यांत जास्त होती. यांतील प्रत्येक जण कोणत्या तरी गावचा, कोणत्या तरी घरचा होता. तेव्हा गप्प बसून चालणार नाही.

नगर जिल्ह्याला फौज काही नवी नाही. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे, यांत्रिक पायदळाचे केंद्र येथे आहे. मुलांना घेऊन आपण रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला जातो. गावोगावी एखादे तरी घर असे असते, ज्याच्या भिंतीवर गणवेशातला फोटो लावलेला आहे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण सुट्टीवर आलेल्या जवानाला एस.टी. स्टँडवर उतरवून घ्यायला जाणारी माणसे तीच आहेत.

जवान फौजेतून लवकर निवृत्त होतो. पंधरा-सतरा वर्षे नोकरी झाली की तो पेन्शन घेऊन घरी येतो. तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असते. आपण म्हणतो, नशीबवान आहे, पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, दवाखाना आहे. हे सारे खरे आहे. पण तिकडे पहाटे शिट्टी वाजली की उठायचे, कोणते काम आपले हे ठरलेले, शेजारच्या खाटेवरचा सोबती आपल्यासाठी जीव देईल याची खात्री असलेली. इकडे आल्यावर शिट्टी नाही. मुले त्याच्याशिवाय मोठी झालेली, घरातले निर्णय त्याच्याशिवाय घ्यायची सवय लागलेली. भावकीत जमिनीचा वाद. कुठे बँकेच्या दारात पहारेकऱ्याची नोकरी. रात्री झोप येत नाही. जे पाहिले ते कोणाला सांगता येत नाही. मग संध्याकाळी बाटली उघडते, आणि लोक म्हणतात, "फौजी आहे, पिणारच." एवढे बोलून आपण मोकळे होतो. त्या पिण्यामागे दुखणे असेल, हा विचार आपण करत नाही.

आपल्या जिल्ह्यातले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्यातला एक भाग फारसा कोणी सांगत नाही. अण्णा हजारे यांचा जन्म १९३७ साली भिंगारला झाला. ते फौजेत वाहनचालक होते. १९६५ च्या युद्धात खेमकरण भागात त्यांच्यासमोर त्यांचे सोबती मारले गेले आणि ते स्वतः वाचले, असे त्यांनीच अनेकदा सांगितले आहे. त्यांनी आणखी एक गोष्ट लपवलेली नाही. जगायचे कशासाठी याचे उत्तर मिळेना, म्हणून तरुणपणी त्यांच्या मनात जीवन संपवण्याचा विचार आला होता. त्याची कारणे त्यांनी दोन पाने भरून लिहूनही काढली होती. पुढे दिल्लीच्या रेल्वे स्टेशनवर पुस्तकांच्या दुकानात स्वामी विवेकानंदांची एक छोटी पुस्तिका त्यांच्या हाती पडली आणि विचारांची दिशा बदलली. १९७५ साली निवृत्त होऊन ते राळेगणसिद्धीला परतले. स्वतःच्या जवळचे पैसे घालून त्यांनी यादवबाबांचे मंदिर दुरुस्त केले आणि मग गावाच्या पाण्याच्या कामाला लागले. पुढचा इतिहास आपण जाणतो.

अण्णांच्या राजकीय भूमिकांविषयी कोणाचे काय मत असेल ते असो. आम्हाला येथे तीन गोष्टी दिसतात. पहिली, असा विचार धाडसी माणसाच्या मनातही येतो. त्याचा भित्रेपणाशी संबंध नाही. दुसरी, त्यांना मदत झाली ती दूरच्या, कधीही न भेटलेल्या माणसाच्या शब्दांची. आणि तिसरी, ते गावी आले तेव्हा करण्याजोगे काम होते आणि सोबत घेण्याजोगी माणसे होती. शब्दाने त्यांना थांबवले, गावाने त्यांना गुंतवले. पण ती पुस्तिका हाती लागली नसती तर? जो जवान त्या दुकानापर्यंत पोहोचलाच नाही, त्याचे काय?

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. जीवन ही देवाची देणगी आहे, आपण तिचे मालक नसून राखणदार आहोत, म्हणून स्वतःचा जीव घेणे हे गंभीर कृत्य आहे, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे आणि ती बदललेली नाही. मग जो माणूस त्या टोकाला जातो त्याला आपण काय म्हणावे? पापी? दुबळा? १९१७ च्या धर्मसंहितेने, जाणूनबुजून स्वतःचा जीव घेणाऱ्यास ख्रिस्ती अंत्यविधी नाकारला होता. आपल्यातील वयस्कर मंडळींना कबरस्थानाच्या कडेला, विधीविना झालेली दफने आठवत असतील. १९८३ च्या नव्या संहितेत अंत्यविधी नाकारण्याच्या कारणांच्या यादीतून हे कारण निघाले. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट सांगितले आहे की तीव्र मानसिक विकार, भयंकर भीती किंवा यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते. अशा माणसाच्या तारणाविषयी आपण निराश होऊ नये. देव त्याला फक्त देवालाच माहीत असलेल्या मार्गाने पश्चात्तापाची संधी देऊ शकतो. म्हणून ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. कृत्य गंभीर आहे हे ख्रिस्तसभा आजही म्हणते. पण त्या माणसाचा निवाडा तिने देवाच्या हाती ठेवला आहे. आपण तो चावडीवर करू नये.

देशाचा कायदाही याच वाटेने आला. पूर्वी आत्महत्येच्या प्रयत्नाला भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार शिक्षा होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सांगितले की असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच मानावे आणि त्याला उपचार मिळावेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ठेवलेलेच नाही. तेव्हा "पोलिसात जाईल" या भीतीने कोणी दवाखाना टाळू नये.

पवित्र शास्त्रात तर सैनिकांचीच उदाहरणे आहेत. शौल राजा लढवय्या होता. गिलबोवाच्या डोंगरावर पराभव झाला, मुले पडली, तेव्हा तो स्वतःच्या तलवारीवर पडला. शत्रूंनी त्याचे प्रेत बेथशानच्या वेशीजवळच्या तटावर टांगले. हे याबेश-गिलादच्या लोकांना कळले. शौलाने पूर्वी त्यांचे गाव संकटातून सोडवले होते. त्या गावचे वीर रात्रभर चालत गेले, त्यांनी ते प्रेत खाली काढून आणले, अस्थी झाडाखाली पुरल्या आणि सात दिवस उपवास केला. शौल कसा मेला याची चर्चा त्यांनी केली नाही. तो आपल्यासाठी काय होऊन गेला, एवढेच आठवले. दावीदाला तर शौलाने छळले होते, तरी तोही त्याच्यासाठी रडला. ज्या घरात असा मृत्यू झाला आहे त्या घराशी कसे वागावे, हे यावरून शिकण्यासारखे आहे. दहाव्याला जाऊन "नक्की काय झालं होतं?" असे विचारू नये. शेजारी बसावे आणि तो माणूस किती चांगला होता ते बोलावे. त्याच्या पत्नीचे काही चुकले असेल, असे सुचवणारा एक शब्दही तोंडातून निघू नये.

परंतु मृतांसाठी हळहळण्यापेक्षा जिवंतांसाठी वेळेवर पोहोचणे अधिक महत्त्वाचे आहे. येथे अडचण येते ती सैनिकाच्या शिस्तीची. दुसऱ्याला खांद्यावर घेऊन चालायचे त्याला शिकवलेले असते. स्वतःसाठी हात पुढे करायचे शिकवलेले नसते. मदत मागणे म्हणजे चौकी सोडून पळणे, असे त्याला वाटते. शुभवर्तमानातला कफर्णहूमचा शताधिपती आठवा. तोही फौजी होता, हाताखाली शंभर माणसे होती. तरी आपल्या आजारी सेवकासाठी त्याने मदत मागितली. प्रभूला त्याने कळवले की तुम्ही माझ्या घरी यायचे कष्ट घेऊ नका, तेथूनच शब्द बोला, तेवढा पुरे. आणि सेवक बरा झाला. त्या सैनिकाची विनवणी आपण प्रत्येक मिस्सात ख्रिस्तप्रसाद स्वीकारण्यापूर्वी आपली म्हणून बोलतो. मदत मागणाऱ्या एका फौजीचे शब्द ख्रिस्तसभेने शतकानुशतके वेदीजवळ जपून ठेवले आहेत. मग मदत मागणे लाजिरवाणे कसे असेल?

दुरून आलेला शब्द बरे करू शकतो, हे आपण येथे ऐकतो. आजच्या काळात असा शब्द पोहोचवण्याचे साधन फोन आहे, आणि त्याची सुरुवातही एका चर्चमध्येच झाली आहे. चॅड वारा हे इंग्लंडमधील अँग्लिकन धर्मगुरू. ते तरुण असताना त्यांना एका चौदा वर्षांच्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. शरीरात होणारे नैसर्गिक बदल तिला आजार वाटले, विचारायला कोणी नव्हते, आणि तिने जीव दिला. हे ते विसरले नाहीत. १९५३ साली त्यांनी लंडनमधील सेंट स्टीफन वॉलब्रुक या आपल्या चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला आणि जाहीर केले की निराश माणसाने येथे फोन करावा. पुढे एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. भेटायला आलेल्या लोकांना चहा देत, त्यांच्याशी बोलत बसणारी जी साधी स्वयंसेवक माणसे होती, त्यांच्याशी बोलूनच अनेकांचे ओझे हलके होई; फादरांना भेटण्याची गरजच उरत नसे. उपदेश देणारे पुष्कळ असतात, कान देणारे थोडे, हे त्यांना कळले.

आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेली मानस' ही सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिचे मोबाईल ॲपही आले. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांतील लोकांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी याच सेवेचा खास कक्ष सुरू झाला, कारण फौजीचे दुखणे समजायला फौज समजणारा माणूस लागतो. अमेरिकेत माजी सैनिकांसाठी अशी फोनसेवा २००७ पासून आहे, आणि २००९ पासून तेथे संगणकावर लिहूनही बोलता येते. तरीही २०२२ साली तेथे ६,४०७ माजी सैनिकांनी जीवन संपवले. म्हणजे फोन लावून दिला की आपले काम संपले, असे नाही. पण ज्यांचे प्राण वाचले त्यांच्यासाठी तो फोन वाजणे मोलाचेच होते.

काही जण विचारतात, परक्या माणसाला घरातले काय सांगायचे? तोंड दिसत नाही, ओळख नाही. आम्हाला वाटते, हे कोडे कॅथोलिक माणसाला तरी पडू नये. पापनिवेदनाच्या वेळी मधे जाळी कशासाठी असते? तोंड दिसत नाही म्हणूनच बोलणे सोपे जाते. जे पत्नीला सांगता येत नाही, कारण ती घाबरेल. जे भावाला सांगता येत नाही, कारण तो चारचौघांत बोलेल. ते रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी, शांत आवाजाला सांगता येते. तेवढ्याने ती रात्र निघून जाते. जीव वाचवण्यात कधी कधी एक रात्र निघून जाणे हेच सर्वात मोठे काम असते.

अर्थात फोन म्हणजे पापनिवेदन नव्हे. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे ख्रिस्तसभेने २००२ सालच्या आपल्या दस्तऐवजात सांगून ठेवले आहे. येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूला कोणालाही सांगता येत नाही, अगदी घरच्यांनाही नाही. म्हणून मनात असे विचार येत असतील तर फादरांशी पापनिवेदनाच्या बाहेरही, घरी बसून, मोकळेपणाने बोलावे. म्हणजे ते संमतीने डॉक्टरांची, घरच्यांची मदत घेऊ शकतील. औषध घेणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे नव्हे. मधुमेहाची गोळी घेताना आपल्याला श्रद्धेची शंका येत नाही.

आणि दूरचा शब्द पोहोचला तरी जवळचा हात लागतोच. एलीया संदेष्ट्याने कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवला आणि दुसऱ्याच दिवसापासून तो खचला. रानात झुडपाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितले. देवदूताने त्याला रागावले नाही, उपदेशही केला नाही. त्याला स्पर्श करून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले आणि पुन्हा उठवून खाऊ घातले. मग पुढची वाट सांगितली. सैनिकांच्या पेन्शनच्या संगणक-व्यवस्थेला सरकारने 'स्पर्श' असे नाव दिले आहे. नाव चांगले आहे, पण खरा स्पर्श शेजाऱ्यानेच करायचा असतो.

म्हणून काही साध्या गोष्टी लिहितो. आपल्या ओळखीचा माजी सैनिक अलीकडे मिस्साला येत नसेल, झोप नसेल, पिणे वाढले असेल, "माझा सगळ्यांना भार झालाय" असे बोलत असेल, किंवा अचानक कागदपत्रे आवरून, आवडीच्या वस्तू वाटून देत असेल, तर त्याच्याकडे जावे. सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, उलट कोणी तरी विचारले याने माणूस मोकळा होतो. तो बोलेल तेव्हा मधे बोलू नये. "तू तर फौजी, तुला हे शोभत नाही" हे वाक्य तर कधीच उच्चारू नये. धोका जवळ वाटला तर त्याला एकटे सोडू नये. घरातली फवारणीची औषधे, परवान्याची बंदूक असल्यास ती, काही दिवस दुसऱ्या विश्वासू माणसाच्या ताब्यात द्यावी. त्याच्या शेजारी बसून १४४१६ लावून द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी ई.सी.एच.एस.च्या किंवा सरकारी दवाखान्यात सोबत जावे. मोबाईल वापरता येत नसेल तर आपल्या तरुण मुलांनी शिकवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, आठवड्याने पुन्हा जावे. पहिल्या भेटीत माणूस चहा पाजून वाटेला लावतो. बोलतो तो तिसऱ्या-चौथ्या भेटीत.

त्याला काम द्यायलाही विसरू नये. आपल्या सणाच्या तयारीत, मुलांच्या कवायतीत, कबरस्थानाच्या साफसफाईत त्याच्या शिस्तीची गरज आहे. तू नसलास तर आमचे अडेल, हे त्याला खरेपणाने वाटले पाहिजे.

काइनाला देवाने भाऊ कोठे आहे असे विचारले, तेव्हा त्याने जबाबदारी झटकली. तोच प्रश्न आज आपल्यापुढे आहे. निराशेच्या अंधारात असलेल्या माणसाकडून देव किती हिशेब मागेल हे आपल्याला ठाऊक नाही. पण उजेडात उभे राहून ज्यांनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले, त्यांच्याकडून तो नक्की मागेल.

या महिन्यात मृतांसाठी मेणबत्ती लावून कबरस्थानातून परतताना, वाटेत एका माजी सैनिकाच्या घरी थांबू या. पेन्शनचा दाखला झाला का, अंगठा लागला का, असे विचारू या. आणि मग जरा बसून, खरा प्रश्नही विचारू या.

हे प्रभो येशू, तूही गेथशेमानीच्या बागेत मरणप्राय दुःखी झालास आणि आपल्या मित्रांना जागे राहायला सांगितलेस. ते झोपले. आम्हाला जागे ठेव. आमेन.